शाळेतलं जेवण फक्त गरजू पोरांना द्यायचं की सगळ्यांना?

प्रश्न असा आहे की जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत ज्यांचं घरचं बरं चाललंय त्यांच्याही पोरांना दुपारचं जेवण फुकट कशाला, त्यापेक्षा यादी काढा, खऱ्या गरजूंनाच द्या, वाचलेल्या पैशात त्यांना चांगलंचुंगलं खायला घाला, नाहीतर सरळ आईच्या खात्यात पैसे टाका म्हणजे शिक्षकही खिचडीतून मोकळे होतील. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत काम केलंय, आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि शेवटची काही वर्षं आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा केंद्रप्रमुख, सगळं मराठवाड्यात. पोषण आहाराचं रजिस्टर लिहिलंय, तपासलंय, त्यावरून भांडलोयही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. माझं मत आधीच सांगून टाकतो, सगळ्यांनाच द्यायचं. यादी काढली की सगळ्यात आधी गळतो तो खरा गरजू, वाचणारा पैसा अगदीच किरकोळ असतो, आणि जेवण सुधारायचं सोडून बिघडत जातं.

आधी हे सुरू कसं झालं ते थोडक्यात. १९९५ ला केंद्राची योजना आली तेव्हा आपल्याकडं शिजवलेलं काही नव्हतं, महिन्याला ३ किलो तांदूळ घरी द्यायचा, तोही ८० टक्के हजेरी असेल तरच. तांदूळ वाटपाच्या दिवशी शाळेत पिशव्या घेऊन आयांची रांग लागायची, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग परत निम्मे रिकामे. तो तांदूळ घरच्या पातेल्यात जायचा, सगळं घर खायचं, त्यात गैर काहीच नाही, पण शाळेत बसलेल्या पोराच्या पोटात दुपारी काय गेलं तर काही नाही. मग पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की सरकारी आणि सरकारी मदत घेणाऱ्या प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस. पुढं प्रमाण वाढलं, आता पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं हा मुलांचा हक्कच झाला, २०२१ ला योजनेचं नाव पीएम पोषण झालं, गावात मात्र अजूनही सगळे खिचडीच म्हणतात.

त्या आदेशातला "प्रत्येक मुलाला" हा भाग फार महत्त्वाचा आहे. आपल्या देशात निवड आधीच झालेली आहे, फक्त ती शाळेच्या पातळीवर झालीय. ज्याला परवडतं त्यानं पोराला इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये कधीच बसवलंय, तिथं ही योजना नाहीच. वाडीवस्तीवरच्या शाळेत उरलीत ती शेतमजुराची, वीटभट्टीवाल्याची, ऊसतोड कामगाराची, दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या शेतकऱ्याची पोरं. सधन म्हणावं असं पोर पटावर असतं, नाही असं नाही, एखाद्या ट्रॅक्टरवाल्याचं, किराणा दुकानदाराचं, कधी आमच्याच एखाद्या शिक्षकाचं. वीस-पंचवीस पटाच्या शाळेत अशी दोन-चार. या दोन-चार पोरांचं जेवण वाचवण्यासाठी सगळ्या पोरांची छाननी करायची, इतकाच या सगळ्या वादाचा जीव आहे.

आता छाननी कशानं करणार ते बघू. आपल्याकडं हाताशी रेशन कार्ड आहे. वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्यापुढं १ लाखापर्यंत केशरी, त्याच्यावर पांढरं. आजच्या काळात १५ हजार वर्षाला म्हणजे महिन्याला साडेबाराशे, एवढ्यात कुणाचं घर चालतं? पिवळं कार्ड ज्याच्याकडं आहे ते बहुतेक जुन्या यादीतलं आहे, त्यातल्या काहींची परिस्थिती पुढं सुधारली, आणि ज्यांची बिघडली, म्हणजे भावकीत वाटण्या झाल्या, कर्ता माणूस गेला, कर्ज झालं, त्यांच्याकडं आजही केशरीच आहे. आत्महत्या झालेल्या घरात केशरी कार्ड असलेलं मी बघितलंय. ऊसतोडीला गेलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी, कार्ड बीड जिल्ह्यात, कोयता कोल्हापूर-सांगलीकडं, पोरगं तिथल्या शाळेत चार महिने बसलं तर त्याचं नाव कुठल्या यादीत शोधायचं? आज ते पोर ताट घेऊन ओळीत बसलं की त्याला वाढलं जातं, कुणी कागद मागत नाही. यादी आली की हेच पोर पहिलं बाहेर.

आणि हे मी अंदाजानं बोलत नाही, आपल्या शाळांनी यादीचा प्रयोग करून बघितलाय, गणवेशात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मोफत गणवेश मिळायचा तो सगळ्या मुलींना, एससी-एसटीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना. राहिली कोण, तर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेली बाकीची मुलं, म्हणजे केशरी कार्डवाले मराठा, धनगर, माळी, वंजारी, मुस्लिम शेतमजुरांची पोरं. कापड आलं, शिवून झालं, वाटपाच्या दिवशी वर्गात नावं पुकारायची, आणि तीस पोरांत सात-आठ जण तसेच बसून. चौथीतला एक पोरगा दप्तराचा बंद बोटाभोवती गुंडाळत बसला होता, शेजारच्याला नवा शर्ट मिळाला, दोघांचे बाप एकाच मुकादमाकडं कामाला. "सर, माझं नाव पुढच्या यादीत आहे का?" म्हणून विचारत होता. पुढची यादी नव्हतीच. मग आम्ही शिक्षक वर्गणी काढायचो, गावातल्या एखाद्या बऱ्या माणसाकडं जायचो, सरपंचाला सांगायचो, कारण एकाच वर्गात ही दुही बघवत नव्हती. जवळपास प्रत्येक शाळेत हेच चाललेलं. शेवटी २०२३-२४ पासून राज्य सरकारनं राहिलेल्या मुलांनाही गणवेश द्यायचं ठरवलं. म्हणजे यादीची पद्धत इतकी वर्षं चालवून शेवटी आलो कुठं, तर सगळ्यांना द्या यावरच. गणवेश वर्षातून एकदा मिळतो, जेवण रोज आहे. हे रोज दुपारी दीड वाजता करायचं, वीस पोरांतल्या नऊ जणांनी उठून ताट घ्यायचं आणि अकरा जणांनी बघत बसायचं, किंवा उलटं, ज्याला कुणी "फुकट खाणारा" म्हणतं त्यानं भूक असून ताटच न आणायचं. दहा वर्षांच्या पोराला लाज कळते हो, चांगली कळते.

मुलींच्या उपस्थिती भत्त्याचंही तेच. १९९२ पासून ठरावीक प्रवर्गातल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया. त्या एका रुपयासाठी याद्या, दाखले, खाती, सह्या यात शाळेचा जेवढा वेळ गेला त्याचा हिशेब केला तर भत्त्यापेक्षा जास्त निघेल.

आता पैशाचं बोलू, कारण "वाचलेल्या पैशात चांगलं द्या" हा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो. मे २०२५ पासून शिजवण्याचा खर्च, म्हणजे डाळ-कडधान्य, तेल-मीठ-मसाला, भाजीपाला आणि इंधन सगळं धरून, प्राथमिकला एका मुलामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे. तांदूळ वेगळा मिळतो, पाचवीपर्यंत १०० ग्रॅम, पुढं १५० ग्रॅम. समजा पहिली ते चौथीची वस्तीशाळा आहे, पट २०. दिवसाचे झाले १३५ रुपये ६० पैसे. आता पिवळ्या कार्डावर छाननी करून नऊच पोरं "पात्र" ठेवली तर ६१ रुपये २ पैसे. वाचले किती, ७४ रुपये ५८ पैसे. पण गॅस किती जळणार? कुकर लावा की पातेलं ठेवा, वीस जणांच्या खिचडीला आणि नऊ जणांच्या खिचडीला गॅसमध्ये फारसा फरक पडत नाही. स्वयंपाक करणाऱ्या ताई एकच, २५ पटापर्यंत एक मदतनीस असाच नियम आहे, त्यांचं मानधन तेवढंच. भांडी तीच, पाणी भरायचं तेवढंच, शाळेपर्यंत माल आणायचं भाडं तेच. म्हणजे ६१ रुपयांत इंधन वजा केलं की भाजीला आणि तेलाला काही उरतच नाही. छोट्या शाळेला आजही हे जड जातंय, पट कमी म्हणून पैसे कमी आणि खर्च मात्र पटावर चालत नाही. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा हजारोंनी आहेत. यादी लावली तर तिथली चूलच परवडणार नाही. आणि ज्यांना "वाचलेला पैसा" त्याच पोरांच्या ताटात येईल असं वाटतं त्यांना एवढंच सांगतो की सरकारी बजेटमध्ये एका शीर्षातून वाचलेला पैसा त्याच पोराकडं परत आलेला मी तरी पाहिलेला नाही.

दर्जाचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. लोक म्हणतात गरजूंनाच दिलं तर दर्जा वाढेल, माझा अनुभव बरोबर उलटा. एका शाळेत तांदळात सोंडकिडे आणि अळ्या निघत होत्या, शाळेनं तक्रार केली, मग स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र, वरून उत्तर काय तर चाळून, निवडून वापरा. ताई दुपारभर सूप घेऊन पाखडत बसायच्या. पोरं निमूट खायची, काही काठाला अळी काढून ठेवायची. तिथं गावातल्या एका बऱ्यापैकी बागायतदाराची मुलगी तिसरीत होती, तिनं घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस आणखी तिघांना घेऊन शाळेत हजर, पोतं उघडायला लावलं, ओंजळभर तांदूळ परातीत ओतला, मोबाईलवर फोटो काढले, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव तिथंच लिहून घेतला आणि थेट पंचायत समितीत जाऊन बसला. दोन दिवसांत पोती बदलून आली. त्याच वर्गात ज्यांची पोरं रोज तेच खात होती त्या आयांनी यातलं काही केलं असतं का? त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला असता, आणि साहेबानं त्यांना बसा म्हटलं असतं की नाही शंकाच आहे. ज्याचा आवाज वर ऐकू जातो त्याचंही पोर त्याच पातेल्यातलं खातंय, तोवर त्या पातेल्यावर लक्ष राहतं. ते पोर उठून गेलं की उरतं ते गरिबांचं जेवण, आणि गरिबांच्या जेवणाची तपासणी कशी होते ते रेशन दुकानात जाऊन बघा.

एकत्र बसण्याबद्दल लिहायलाच पाहिजे. गावात पंगती कशा बसायच्या हे माझ्या पिढीला सांगायची गरज नाही. शाळेच्या व्हरांड्यात मात्र पटाप्रमाणं ओळ बसते, कुणाशेजारी कोण ते हजेरी क्रमांकावर ठरतं, आणि सुरुवातीला ज्यांनी कुरकुर केली त्यांचीच नातवंडं आज शेजारी बसून एकमेकांच्या ताटातली मटकी उचलतात. २००४ ला सुप्रीम कोर्टानं स्वयंपाकी-मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या असंही सांगितलं. त्यावरून अजून त्रास होतो, २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित बाईनं शिजवलेलं खायला काही मुलांनी नकार दिल्याची बातमी देशभर गाजली. आपल्याकडंही छुप्या रीतीनं चालतं, "आमच्या बाळाला खिचडी आवडत नाही, डबा देतो" असं गोड बोलून. पण जेवण सगळ्यांसाठी आहे म्हणून मुख्याध्यापकाला त्या पालकासमोर उभं राहता येतं. उद्या जेवण फक्त पिवळ्या कार्डाचं झालं तर व्हरांड्यात कोणत्या वस्तीची पोरं दिसतील आणि कोणत्या वस्तीची नाहीत हे प्रत्येकानं आपापल्या गावाचा नकाशा डोळ्यापुढं आणून बघावं.

थेट खात्यात पैसे टाकायचं म्हणाल तर तेही करून झालंय. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनात शाळा बंद असताना, केंद्रानं ठरवलं की जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात द्यायचे. आपल्याकडं ३५ दिवसांचा हिशेब निघाला, पहिली ते पाचवीला १५६ रुपये, सहावी ते आठवीला २३४ रुपये. आणि त्यासाठी मुलाच्या नावानं आधार जोडलेलं बँक खातं काढा. ज्या बाईनं सहा महिन्यांत बँकेचं तोंड बघितलं नाही तिनं लॉकडाऊनमध्ये तालुक्याला जायचं, एका दिवसाचा रोज आणि वर गाडीभाडं घालवायचं, काही बँकांत किमान शिल्लक ठेवायची, कशासाठी तर दीडशे रुपयांसाठी. पालक आमच्यावरच चिडायचे आणि त्यांचं चुकत नव्हतं. शिवाय सहा-सात रुपयांत घरी ना ४५० कॅलरी होतात ना १२ ग्रॅम प्रथिनं, ते एकत्र शिजवलं म्हणूनच जमतं. कुणी म्हणेल शाळेत मिळतं म्हणून घरी कमी देत असतील, तर अर्थतज्ज्ञ फरझाना आफ्रिदी यांचा मध्य प्रदेशातल्या मुलांवरचा अभ्यास २०१० ला प्रसिद्ध झालाय, त्यात दिसलं की शाळेतलं जेवण बऱ्याच अंशी मुलाच्या रोजच्या खाण्यात भरच घालतं, घरचे तेवढं काढून घेत नाहीत. २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या संशोधन नियतकालिकात आलेला अभ्यास तर आणखी पुढचा आहे, ज्या मुलींना प्राथमिक शाळेत हे जेवण मिळालं त्या आई झाल्यावर त्यांच्या मुलांची वयाच्या मानानं उंची चांगली निघाली. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. आज चौथीत बसलेल्या पोरीच्या ताटात काय पडतं त्याचा संबंध वीस वर्षांनंतरच्या अंगणवाडीतल्या वजनकाट्याशी आहे, आणि तेव्हा ती पोरगी कोणत्या रंगाच्या कार्डात असेल हे आज कुणालाच माहीत नाही.

बाहेरच्या देशांतही हाच वाद चालू आहे, थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं उत्पन्नाची अट होती, २०१४ पासून पहिल्या तीन इयत्तांना सगळ्यांनाच मोफत केलं, बाकीच्यांना अट राहिली, आणि घरची कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या रेषेच्या जरा वर असली की मूल बाहेर राहायचं. अमेरिकेत कोरोनाच्या दोन वर्षांत सगळ्यांना फुकट दिलं, २०२२ ला ते बंद केल्यावर जेवणाची उधारी थकलेल्या मुलांचा प्रश्न परत उभा राहिला, कॅलिफोर्निया, मेन अशा राज्यांनी मात्र स्वतःच्या पैशातून सगळ्यांना चालू ठेवलं. फिनलंडमध्ये १९४८ पासून सगळ्यांना मिळतं. आणि आपल्याच देशात तमिळनाडू, मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ ला सुरू केलं, नंतरचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी १९८२ ला फार मोठं केलं, आता तिथं रोज अंडं आहे आणि २०२२ पासून प्राथमिकला सकाळचा नाष्टाही. तिथं सरकारं बदलली, पक्ष बदलले, पण जेवण कमी करायची हिंमत कुणी केली नाही, कारण ते सगळ्यांच्या घरात पोचलेलं आहे.

आता विरोध करणाऱ्यांचं जे बरोबर आहे तेही सांगितलं पाहिजे. शिक्षकांचा वेळ जातो, हे शंभर टक्के खरं. सकाळी परिपाठ झाला की तांदूळ मोजून द्या, डाळ मोजून द्या, भाजी आली का बघा, शिजल्यावर चव घ्या आणि चव नोंदवहीत लिहा, ॲपवर आजची संख्या भरा, नेट नसेल तर शाळेच्या मागच्या टेकाडावर जा, महिन्याला साठा जुळवा, आणि दोन किलो तांदूळ कमी भरला तर नोटीस मुख्याध्यापकाला. पोतं पन्नासचं लिहिलेलं आणि भरतं कमी, ते उतरवून घेताना वजनकाटा कुणाकडं असतो? दोन शिक्षकी शाळेत यात एक शिक्षक जवळजवळ गुंततो, चार वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. पण याचं उत्तर पोरं कमी करणं हे नाही, हे काम शिक्षकाकडून काढून घेणं आहे. महिला बचत गटाला मालासकट पूर्ण जबाबदारी द्या, केंद्रशाळेवर एक हिशेबनीस नेमा, माल पोचवताना वजन करून देणं पुरवठादारावर बंधनकारक करा. आणि हो, यादी आली तर दर जूनला उत्पन्नाचे दाखले गोळा करायचं कामही याच शिक्षकाच्या माथी येणार, तलाठ्याच्या नाही.

बोगस पट हाही खरा रोग. २०११ च्या ऑक्टोबरात ३, ४, ५ तारखेला राज्यभर पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली, तेव्हा कागदावरची लाखो पोरं जागेवर सापडली नाहीत आणि त्यांच्या नावानं धान्यही उचललं जात होतं. त्या घोटाळ्याचं मूळ खोट्या हजेरीत होतं, खऱ्या पोरांना मिळणाऱ्या जेवणात नव्हतं. उलट पात्र-अपात्र असा आणखी एक रकाना दिला की फेरफार करायला आणखी एक जागा मिळते. आणि सुरक्षिततेबद्दल म्हणाल तर २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावात कीटकनाशक मिसळलेल्या जेवणानं २३ मुलं गेली, तेव्हापासून मी प्रत्येक भेटीत पहिलं काय बघायचो तर तेलाचा डबा कुठं ठेवलाय आणि आधी चव कुणी घेतली.

माझी तक्रार वेगळीच आहे. "सगळ्यांना" म्हणतो आणि सगळ्यांना देत नाही. कायदा आठवीपर्यंतच आहे. अनुदानित हायस्कूलमध्ये पाचवी ते दहावी एकाच इमारतीत, मोठ्या सुट्टीत आठवीची पोरगी ताट घेऊन बसते आणि जूनमध्ये नववीत गेली की तिचं जेवण बंद. काय बदललं तिचं? उलट याच वयात तिला जास्त लागतं, राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आहे आणि सुरुवात इथूनच होते. सकाळी सातला पाच किलोमीटर चालत निघालेली, घरून भाकरी बांधून आणली तर आणली, दुपारी शेवटच्या तासाला डोकं टेकून बसणारी मुलगी कुठल्याही हायस्कूलच्या शिक्षकाला विचारा, तो नाव घेऊन सांगेल. कर्नाटकात दहावीपर्यंत देतात, तमिळनाडूत देतात, आपल्याला न परवडायला आपण काय त्यांच्यापेक्षा गरीब आहोत का? दुसरं, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून खाजगी विनाअनुदानित शाळेत प्रवेश मिळालेलं गरीब पोर, त्याची फी सरकार भरतं आणि जेवण मात्र सुटतं, कारण ती शाळा योजनेत नाही. आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं तेव्हा निदान दुपारी पोट भरत होतं.

अंड्याचं तर फारच वाईट वाटतं. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. त्या दिवशी हजेरी वाढायची, हे कुठल्याही शाळेत विचारा. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी बंद केला आणि लोकसहभागातून द्यायचं तर द्या म्हणाले. एका अंड्याचा भाव सहा-सात रुपये, म्हणजे लहान मुलाच्या अख्ख्या दिवसाच्या खर्चाएवढा, तो वस्तीवरच्या शाळेनं कुणाकडून गोळा करायचा? आणि त्याच्या आधी जून २०२४ ला तीन पदार्थांच्या ताटाचा निर्णय काढला, पुलाव, मोड आलेलं कडधान्य, खीर किंवा नाचणी सत्त्व अशा पंधरा पाककृती, कागदावर वाचून तोंडाला पाणी सुटावं, पण करणाऱ्या ताईंना महिन्याला अडीच हजार, तेही वर्षातले दहा महिने. त्यातला केंद्राचा हिशेब २००९ पासून हजारावरच अडकलाय. सकाळी दहाला येऊन तीनला भांडी घासून जाणाऱ्या बाईला रोजचे जेमतेम शंभर रुपये पडतात, शेजारच्या शेतात खुरपणीला तिप्पट मिळतात. तरी त्या येतात, बहुतेकींचं स्वतःचं किंवा नात्यातलं पोर त्या ओळीत असतं म्हणून.

मला विचाराल तर क्रम असा लावीन. आधी ताईंचं मानधन निदान किमान वेतनाच्या आसपास आणा आणि बारा महिने द्या. मग अंडं परत, आठवड्याला दोन. मग सरकारी आणि अनुदानित शाळांची नववी-दहावी. पंचवीसपेक्षा कमी पटाच्या शाळेला पटावर न जाता दिवसाची ठरावीक किमान रक्कम द्या. आरटीईची मुलं त्यानंतर. मोठ्या फीच्या शाळांना आज द्या असं मी म्हणत नाही, तिथं डबे भरलेले आहेत आणि पैसा आधी जिथं ताट पातळ आहे तिथं जायला पाहिजे. पण एकदा शाळा योजनेत घेतली की त्या शाळेत पोरापोरात फरक नको.

आणि ज्यांची स्वतःची पोरं या शाळांत आहेत त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. जेवण बघायचा तुम्हाला हक्क आहे, शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात. दुपारी न सांगता जा, साठा रजिस्टर मागा, आज हजर किती आणि ॲपवर भरले किती ते जुळवा, ताटात डाळ दिसते का पिवळं पाणी ते बघा, पहिली ते पाचवीला डोक्याला २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी हे प्रमाण आहे, म्हणजे चाळीस पोरांना ८०० ग्रॅम डाळ आणि २ किलो भाजी पातेल्यात पडलीच पाहिजे. धान्य आलं नाही म्हणून जेवण बंद असेल तर २०१५ च्या नियमांनुसार मुलांना अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो, तो लेखी मागा, अर्जाची पोच घ्या. मुख्याध्यापकावर ओरडू नका, बहुतेक वेळा त्याच्याही हातात काही नसतं, पंधरा पालकांच्या सह्यांचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं गेला तर त्यालाही पुढं रेटायला बळ येतं.